झिपरूच्या शेतातला पहिला विळा

खदानीत दगड फोडायला दोन माणसं लागतात. एक घण मारतो, दुसरा पहार धरून बसतो. कौतुक घण मारणाऱ्याचं होतं, कारण त्याचं काम दिसतं. जीव मात्र पहार धरणाऱ्याचा टांगलेला असतो. घण बोटभर सरकला की मनगट गेलं. म्हणून तो वर बघत नाही. वर बघितलं की हात हलतो. तो दगडाकडे बघतो आणि प्रत्येक ठोक्यानंतर पहार थोडी फिरवतो. नाही फिरवली तर ती भोकात अडकून बसते आणि काढायला अर्धा दिवस जातो.

जीवराम पावरा घण मारायचा आणि झिपरू पहार धरायचा. आग्रा रोडवर शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला खदान होती. तिथे दोघांची तरणी वर्षं गेली. दोघेही मोहपाड्याचे. झिपरूला डोंगराच्या अंगाला थोडं शेत होतं. जीवरामला शेत नव्हतं, त्याच्या बापालाही नव्हतं.

पहाटे मुकादम बन्सीलाल चुलीवर किटली ठेवायचा. तिच्यात चहा नसायचा. मध्य प्रदेशातून येणारे ट्रकवाले अफूची वाळलेली बोंडं आणत. सगळे त्याला डोडा म्हणत. बोंडं कुटून पाण्यात उकळायची आणि गाळून प्यायची. चव कडू. पण प्यालेल्या माणसाचे खांदे बोलायचे बंद होतात. उन्हात दगड तापतो, तळवे फुटतात, कंबर धरते, हे सगळं दुसऱ्या कुणाला तरी होतंय असं वाटतं. प्यालेला माणूस दुपारी बसत नाही, एवढंच बन्सीलालला ठाऊक होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं.

संध्याकाळी पुन्हा किटली. तिच्याभोवती गप्पा व्हायच्या, चेष्टा व्हायची, कुणी बासरी काढायचं. जीवरामची बायको लवकर वारली होती, मुलगी लग्न होऊन सेंधव्याकडे गेली होती. त्याचं घर म्हणजे ती किटली.

मग कायदा कडक झाला. रोडवर ट्रक पकडले जाऊ लागले आणि एका उन्हाळ्यात किटली बरेच दिवस कोरडी राहिली. जीवरामला जांभया सुरू झाल्या. नाकाडोळ्यांतून पाणी. पायांत गोळे, पोटात मुरडा, भर उन्हात अंगावर काटा. झिपरूलाही तेच होत होतं, पण तो घरात पडून राहिला. जीवराम रोडवर पडला, म्हणून कुणीतरी त्याला गाडीत घालून धुळ्याला नेलं. देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे, एका संस्थेचा दहा खाटांचा दवाखाना होता. व्यसनी माणसांना तिथे ठेवून घेत. तिथे तो सुटला.

सुटून परत आला तर किटली पुन्हा चालू होती. तो लांब दगडावर बसला. कुणी हाक मारली नाही असं नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मारली. तो गेला नाही. मग हाका बंद झाल्या. झिपरूची जोडी बन्सीलालने दुसऱ्या माणसाशी लावली. जीवराम घरी येऊन भाकरी करायचा, खायचा आणि दाराशी बसायचा. अंधार पडला की करायला काहीच उरत नसे. अंगदुखी सोसली होती. ही रिकामी संध्याकाळ सोसत नव्हती.

तो परत देवपूरला गेला. डॉक्टर इंदिराबाईंनी नाडी बघितली.

"पुन्हा घेतलंस का?"

"नाही."

"मग का आलास?"

"इथे बोलायला माणसं आहेत."

बाईंनी त्याचा हात सोडला. म्हणाल्या, "जीवराम, इथलं औषध मला कळतं. घरी गेल्यावर माणसाला काय द्यायचं, ते मला अजून कळलेलं नाही. तू पाड्यातली माणसं इकडे आण. ती कठीण दिवसांत असतील तेव्हा जवळ बस. परत नेल्यावर जाऊन भेटत जा. जमेल?"

जमेल म्हणाला. संस्थेने त्याला कामावर घेतलं. खदान सुटली.

काम सोपं नव्हतं. आधी माणसाला तयार करायचं. मग घरच्यांना. मग शिरपूरपर्यंत चालत आणि पुढे एसटीने. गाडीत माणूस मध्येच उठतो, खिडकीतून ओकतो, उतरतो म्हणून भांडतो. त्याला दंडाला धरून बसवायचं, पण इतरांना धरलेलं दिसू द्यायचं नाही. कंडक्टर ओळखीचा झाला होता. आज कुणाला नेतोयस, असं तो अहिराणीत विचारायचा.

"काय जीवराम भाऊ, आज कोणले लई चालना?"

"पाहुणा शे."

"तुन्हा पाहुणा कायम रडतच जास, रे भो!"

गाडी हसायची. पाहुणाही कधी कधी हसायचा. जीवराम हसू द्यायचा, कारण हसणारा माणूस पुढच्या थांब्यापर्यंत उतरत नाही.

वॉर्डात तो खाली सतरंजीवर झोपायचा. पायाचे गोळे दाबून द्यायचे, चादरी धुवायच्या, पेज पाजायची. परत आणलं की आठवड्यातून एकदा प्रत्येकाच्या दाराशी बसायचं. एवढं करूनही निम्म्याहून जास्त माणसं किटलीवर परत जायची. पाड्यात लोक म्हणायचे, जीवराम माणसं नेतो आणि वाळवून आणतो. त्याला चहा मिळायचा, पण बस म्हणून कुणी आग्रह करायचं नाही. तो आला की घरातला गडी कुठे ना कुठे कामाला निघायचा.

झिपरूला मात्र तो कधी विचारत नव्हता. त्याच्याकडून नकार ऐकायची त्याची तयारी नव्हती.

शेवटी झिपरूची बायको बेबाबाईच आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही गावभर फिरता. आमचंच दार तुम्हाला दिसत नाही का? ते आता जेवत नाहीत. नुसतं पाणी पितात ते कडू."

श्रावण लागला होता. जीवराम गेला. झिपरू ओट्यावर बसला होता. गाल बसलेले. मनगटं मात्र तशीच जाड.

"चल."

"कुठं? तुझ्या सासरी?" पाड्यात सगळे दवाखान्याला जीवरामचं सासर म्हणत.

"सासरीच. पेज देतात. सासू डॉक्टर आहे."

"तू पळालास. मला नवा जोडीदार दिला मुकादमाने. घण मारताना डोळे मिटतो तो."

"मग त्याच्यासमोर हात ठेवून बसतोस कशाला?"

"प्यालो की भ्या वाटत नाही."

झिपरूने डोंगराकडे, शेताकडे बघितलं. मग झिपरू म्हणाला, "येईन. पण ज्वारी बघितलीस? गवताने गळ्याशी आली आहे. आता निंदली नाही तर वर्ष गेलं. ही एकटी काय करील?"

"तुझं निंदणं मी बघतो."

"शब्द?"

"शब्द."

दुसऱ्या दिवशी ते निघाले. धुळ्यात पहिले दिवस वाईट गेले. झिपरूने खाटेची पट्टी धरली ती सोडेना. जीवराम त्याचे पाय दाबत होता आणि झिपरू त्याला आईबहिणीवरून शिव्या घालत होता. घालून थकला की म्हणायचा, "शेत." जीवराम म्हणायचा, "बघतो म्हटलं ना." पोट ठिकाणावर आलं, पेज टिकू लागली, तशी इंदिराबाई म्हणाल्या, "आता धोका गेला. तू जाऊन ये."

जीवराम पाड्यावर आला तो थेट वना कारभाऱ्याकडे गेला. पाड्याचा निवाडा, लग्नं, देवाचं, सगळं वना कारभारी बघत असे.

पावऱ्यांत लाह नावाची रीत आहे. एकाच्या शेतात काम अडलं की सगळा पाडा एक दिवस तिथे राबतो. मजुरी नाही. शेतवाला जेवू घालतो आणि पुढे ज्याचं काम अडेल त्याच्याकडे जातो. जीवरामने झिपरूच्या शेताची लाह मागितली.

वना कारभारी तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला.

"घरधनी नाही. पहिला विळा कोण टाकणार?"

"मी टाकतो."

"तू?"

"दुसरं कोण आहे? मीच त्याला नेलं."

कारभाऱ्याने त्याच्याकडे नीट बघितलं. मग हळू म्हणाला, "बरं. उद्या येतील सगळे."

आले सगळे. एकही घर मागे राहिलं नाही. जीवरामला भरून आलं. त्याने बांधावरून उतरून पहिलं मूठभर गवत कापलं आणि बाजूला टाकलं. मग ओळ लागली. निंदायचं काम खाली बसून, गुडघे छातीशी घेऊन सरकत सरकत करायचं असतं. विळ्याचं टोक मुळाखाली घालायचं. गवत वरून ओढलं तर तुटतं आणि आठवड्यात परत येतं. ज्वारीच्या मुळाला धक्का नको. त्या दिवशी पाड्याने जसं काम केलं तसं जीवरामने कधी पाहिलं नव्हतं. कुणी गाणं म्हटलं नाही. कुणी कुणाची चेष्टा केली नाही. दुपारी बेबाबाईने भाकरी आणि उडदाचं वरण आणलं. ती वाढताना तोंड फिरवून वाढत होती. सगळे खाली मान घालून जेवले. जीवरामला वाटलं, किती मनापासून राबतात. आपल्या शब्दाला इतका मान आहे.

संध्याकाळपर्यंत रान आरशासारखं झालं. तो रात्रीची गाडी धरून धुळ्याला गेला आणि झिपरूला म्हणाला, "गवताची काडी ठेवली नाही."

झिपरू पहिल्यांदा पोटभर जेवला.

आणखी काही दिवसांनी दोघे परत आले. पाड्याच्या तोंडाशी मंजुळाबाई नावाची म्हातारी शेळ्या वळत होती. तिने झिपरूला बघितलं आणि शेळ्या तशाच टाकून पळाली. झिपरू हसला. "वाळून आलो म्हणून ओळखलं नाही तिने."

घराशी आले. बेबाबाई दारात होती. कपाळ मोकळं, हातांत एकही बांगडी नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की शेजारची माणसं बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. पुढे कुणीच आलं नाही.

झिपरू तिच्या हातांकडे बघत होता. मग त्याने मान न वळवता विचारलं, "शेतात पहिला विळा कोणी टाकला?"

"मी," जीवराम म्हणाला.

"तू?"

"लाह लावायची होती. कुणीतरी टाकायलाच..."

"जिवंत माणसाच्या शेतात दुसरा कुणी पहिला विळा टाकतो?"

आणि तेव्हा जीवरामला आठवलं. लहानपणी ऐकलं होतं. शेतवाला बाहेरगावी असेल तर लाह थांबते, तो येईपर्यंत. तो मेला असेल तरच जवळचा माणूस त्याच्या जागी पहिला विळा टाकतो. मेल्याची खबर आणणारा ती तोंडाने सांगत नाही, विळ्याने सांगतो, आणि कुणी त्याला उलटून विचारत नाही. ज्याला शेत आहे त्याच्या हाडात ही रीत असते. जीवराम पोरवयापासून खदानीत. तो ती विसरला होता.

"मी सांगतो सगळ्यांना..."

"काय सांगतोस? हिने बांगड्या फोडल्या. तू शब्द दिला होतास मला."

"शेत वाचवायचा दिला होता."

"शेत वाचवलंस," झिपरू म्हणाला आणि आत गेला.

पाड्यात जो मेला म्हणून मोजला गेला त्याला नावाने हाक मारत नाहीत, त्याला विस्तव देत नाहीत, त्याच्याशी तंबाखू वाटून घेत नाहीत. द्वेष नव्हता. भीती होती, आणि काय करायचं ते माहीत नव्हतं. असं आधी कधी झालंच नव्हतं. बेबाबाई त्याला वाढायची, पण ताट खाली ठेवून मागे सरायची. अंगदुखी संपलेली, हात रिकामे, आणि दिवसभरात एकही शब्द कानावर नाही. ही अवस्था जीवरामला पाठ होती. तिच्यातून माणूस कुठे जातो तेही पाठ होतं.

चौथ्या दिवशी जीवराम खदानीकडे गेला. रोडवरूनच दिसलं. किटलीभोवती परगावची माणसं बसली होती. त्यांना पाड्याच्या रीतीचं काय? आणि त्यांच्यात झिपरू होता.

बन्सीलाल मोठ्याने म्हणत होता, "ये रे झिपरू! बस झिपरू! मेला मेला म्हणत होते, हा बघा बसलाय!" सगळे हसले. झिपरूही हसला. नाव घेतलेलं ऐकून त्याचा चेहरा असा उघडला की जीवरामला तिकडे बघवेना. समोर भरलेला पेला होता. झिपरूने तो उचलला नव्हता. त्याने तो बाजूलाही सारला नव्हता.

ओढून आणावं असं मनात आलं. पण ओढून आणून कुठे बसवायचं?

जीवराम पळतच वना कारभाऱ्याकडे गेला.

"चूक माझी आहे. मी जिवंत माणूस नेला, जिवंत आणला. त्याला परत घ्या."

"तू तोंडाने बोलला नव्हतास," कारभारी म्हणाला. "विळ्याने बोललास. मी तुला विचारलं होतं, तू? असं. तू हो म्हणालास. आम्हाला वाटलं, तुझ्या तोंडून निघत नाही."

"मला आठवलं नाही, कारभारी."

"खदानीने तुझं बरंच नेलं." कारभाऱ्याने हातातली तंबाखू झटकली. "वाट आहे. पण तुला परवडणार नाही."

"सांगा."

"ज्याने विळा टाकला त्याने तो सगळ्यांसमोर परत घ्यायचा. मी याच्या जागी उभा राहिलो, ती जागा माझी नव्हती, असं म्हणायचं. मग त्या शेताच्या बांधाच्या आत विळा टाकणाऱ्याचा पाय पडायचा नाही. त्या घरचं पाणीसुद्धा नाही. मेल्याची जागा एकदा घेतलेला माणूस जवळ वावरला तर ती जागा पुन्हा उघडते. जुनी माणसं असं मानतात. मीही मानतो."

"किती दिवस?"

"त्याला दिवस नसतात."

जीवराम खाली बसला. खदानीतली वर्षं, तिकडून सुटल्यावरची वर्षं, या सगळ्यात एका माणसाच्या शेजारी पुन्हा बसता यावं एवढंच त्याला हवं होतं. पाड्यातल्या इतर माणसांना तो कामाचा भाग म्हणून भेटत होता. झिपरूकडे तो काम नसतानाही गेला असता.

"आजच करा," तो म्हणाला. "उद्यापर्यंत तो पेला उचलेल."

भाईदास नावाच्या एका गड्याला खदानीकडे धाडलं. त्याने झिपरूला नावाने हाक मारायची नव्हती, नुसतं म्हणायचं होतं, कारभाऱ्याने बोलावलं आहे. झिपरू आला. पेला तसाच ठेवून आला, असं भाईदासने सांगितलं.

मोहाच्या झाडाखाली सगळे जमले. जीवरामने विळा उजव्या हातात घेतला, मग तो जमिनीवर पाते खाली करून ठेवला आणि सांगायचं ते सांगितलं. आवाज साफ होता. झिपरू त्याच्याकडे एकटक बघत होता. कारभाऱ्याने अटी सांगितल्या तेव्हा त्याचं तोंड उघडलं.

"एवढं कशाला?" तो म्हणाला. "जीवराम, नाही म्हण. मी राहीन असाच."

"नाही राहणार तू," जीवराम म्हणाला. "मी राहून बघितलंय."

वना कारभाऱ्याने झिपरूला नावाने हाक मारली. मग त्याच्या चुलत्याने मारली. मग सगळे एकामागून एक हाका मारू लागले, पोरंसुद्धा. मंजुळाबाईने लांबूनच मारली आणि सगळे हसले. बेबाबाईला कुणीतरी बांगड्या आणून दिल्या. तेवढ्या गडबडीत जीवराम निघाला.

पुढच्या आठवड्यात झिपरूच्या शेतात पुन्हा लाह झाली. निंदायला काही उरलं नव्हतं, तरी झाली. झिपरूने पहिला विळा टाकला. या वेळी गाणी होती. जीवराम नाल्याच्या अलीकडच्या वाटेवरून चालला होता. गाणी ऐकू आली, शब्द कळले नाहीत. तो थांबला नाही. थांबला असता तर कुणाला तरी दिसला असता.

झिपरू टिकला. त्या वर्षी धुळ्याहून परतलेले आणखी तिघे टिकले. त्यांच्या रिकाम्या संध्याकाळींवर पाड्याने आपणच उपाय काढला. धुळ्याहून आलेल्या माणसाने पहिल्या आठवड्यात आपल्या शेताची लाह लावायची, काम असो वा नसो. शेत नसेल तर कुडाची, छपराची. सगळे येतात, त्याला नावाने हाका मारतात, जेवतात. मग तो महिनाभर दुसऱ्यांच्या लाहेला जातो आणि किटलीची वेळ तिथेच टळते. इंदिराबाईंना जीवरामने हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि इतर पाड्यांतही अशी काही रीत आहे का ते बघायला त्याला पाठवलं.

त्यामुळे त्याचं चालणं वाढलं. महिन्यातून फार थोडे दिवस तो मोहपाड्यात असायचा.

शिरपूरच्या बाजारात बोलायला बंदी नव्हती. एकदा झिपरू मिरच्यांच्या ढिगाशी भेटला. अंग भरलेलं होतं.

"बरा आहेस?"

"बरा."

"जेवतोस वेळेवर?"

"जेवतो."

झिपरूला आणखी काही बोलायचं होतं. पण बेबाबाईने त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि जीवरामला लांबूनच हात जोडले. त्या जोडण्यात माया होती आणि भीतीही होती. ते गर्दीत गेले. जीवरामने पावशेर मिरची घेतली.

पुढच्या भादव्यात भाईदासला न्यायची वेळ आली. तोही किटलीचाच. रात्रभर त्याने हो-नाही, हो-नाही चालवलं आणि पहाटे गाठोडं घेऊन स्वतःच जीवरामच्या दाराशी येऊन उभा राहिला. दोघे शिरपूरच्या वाटेला लागले. जीवराम मागे चालत होता, कारण पुढे चाललं की माणूस मागल्या मागे परत फिरतो.

पाडा मागे पडल्यावर भाईदास म्हणाला, "जीवराम भाऊ, माझ्या बाजरीचं काय? तुम्ही बघाल ना?"

"ते वना कारभाऱ्याला सांगून ठेव. तू येईपर्यंत थांबतील ते."

"आणि तुम्ही?"

"मी धुळ्याला नेतो आणि परत आणतो," जीवराम म्हणाला. "चाल. गाडी चुकेल."